रॉकेटच्या नाकातलं वजन

तीर्थरूप जाऊबाईंना,

धाकट्या जावेचा वाकून नमस्कार. (पाठीत उसण भरली आहे, त्यामुळे अर्धाच वाकून झालाय. उरलेला तुम्ही समजून घ्यावा.) तुमच्या ताईंचा गुडघा कसा आहे? काठी घेऊन स्वयंपाकघरापर्यंत जातात असं भावजी म्हणाले, बरं वाटलं. तुम्ही वेळेवर जेवता ना? इकडची मुळीच काळजी करू नका. सगळे खुशाल आहेत, तुमच्यावाचून कुणाचं काही अडत नाही, ताईंना पूर्ण बरं वाटेपर्यंत सावकाश राहा. पत्र एवढ्यासाठीच की बऱ्याच दिवसांत निवांत बोलणं नाही, आणि आपल्या घरात फोनवर एकटीने बोलायची सोय नाही हे तुम्हाला मी काय सांगू. आपण दोन वाक्यं बोलेपर्यंत शेजारी तिघे येऊन उभे राहतात आणि आपल्या वतीने उत्तरं द्यायला लागतात.

तर माझ्या धाकट्या लेकीच्या रॉकेटबद्दल. तुम्ही ताईंकडे गेलात त्याच आठवड्यात ते आपल्या जेवणाच्या टेबलावर आलं आणि तेव्हापासून आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवतो. शाळांची स्पर्धा आहे. तीन मुलींचा संघ, धाकटी त्यांची पुढारी. रॉकेट सांगितलेल्या उंचीपर्यंत गेलं पाहिजे, वर त्याची छत्री उघडली पाहिजे आणि ते धडधाकट खाली आलं पाहिजे. प्रत्येक संघाला दोन संधी. ज्यांचं जमेल त्यांना सुट्टीत महिनाभराचं शिबिर, तिथे खरोखरची रॉकेटं बनवणारी माणसं शिकवतात. गेली दोन वर्षं ही पोरगी त्या शिबिराशिवाय दुसरं बोलत नाही. हे तिचं शाळेचं शेवटचं वर्ष, म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही. मला त्यातलं काही कळत नाही जाऊबाई, पण तिला ते हवंय, आणि इतकं मनापासून तिने आजवर काही मागितलेलं नाही.

आता रॉकेट म्हणजे काय, तर कापडाचं ठाण गुंडाळतात ती पुठ्ठ्याची नळी, तिला खाली पातळ लाकडाचे चार पंख आणि वर टोपीसारखं पोकळ नाक. छत्री माझ्या छत्रीच्या कापडाची. (हे मला भर पावसात नुसत्या काड्या उघडल्यावर कळलं.) पेटणारं इंजिन आयोजक मैदानावरच देतात, घरात काडीपेटीएवढंही काही नाही, हे मी मामंजींना रोज समजावते. पण ज्यांचा जन्म विमा कंपनीसाठी जळक्या गोदामांच्या नुकसानीचा अंदाज काढण्यात गेला त्यांना कोण समजावणार? त्यांनी दारात वाळूची बादली ठेवली आहे. तिला अडखळून आमचे हे, म्हणजे तुमचे दीर, आणि गॅसवाला असे दोघे पडले, तेवढाच काय तो आजवरचा अपघात.

खरं दुखणं पुढेच आहे. रॉकेट सरळ जाईल की नाही हे बघायची एक रीत असते म्हणे. त्याच्या मध्यावर दोरी बांधायची आणि डोक्याभोवती गरगर फिरवायचं. नाक पुढे ठेवून फिरलं तर ठीक. हे काम तुमच्या दिरांनी अंगावर घेतलं. (त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. आपल्या घरात कुणाला काही सांगावं लागतं का?) अंगणात उभे राहून त्यांनी अशी काही गिरकी घेतली की रॉकेट शेपटी पुढे करून फिरलं, शेजारणीच्या वाळत घातलेल्या चादरींत शिरलं आणि दोरीसकट हेही तिकडे ओढले गेले. चादरी मी दोनदा धुऊन दिल्या. धाकटी मात्र खूश झाली, कारण तिला दोष सापडला होता. नाकात थोडंसंच वजन हवं, परीक्षा झाली की शांतपणे मोजून घालते, असं ती जेवताना बोलली आणि अभ्यासाला निघून गेली.

आणि हे वाक्य आम्ही चौघांनी ऐकलं. तुम्ही नसलात की आपल्याकडे भाजीचं काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. येता-जाता प्रत्येकाला वाटतं दुसरा विसरला असेल, आणि प्रत्येक जण गुपचूप चिमूटभर मीठ टाकून जातो. पोरीला परीक्षेच्या गडबडीत आठवायचं नाही, म्हणून भावजींनी दुकानातून येताना गळाला लावतात तसल्या शिशाच्या गोळ्या आणल्या. तुमच्या दिरांनी स्कूटरचे नट काढले. (स्कूटर आता खुळखुळ्यासारखी वाजते.) मामंजींनी जुन्या तराजूचं पितळी वजन चिंधीत गुंडाळून आत सारलं. आणि मी, जाऊबाई, मीही खेळण्यातल्या मातीचा एक चांगला लिंबाएवढा गोळा थापला. वाटलं, आईने नाही बघायचं तर कुणी बघायचं. परीक्षा संपली त्याच्या दुसऱ्याच दिवशी स्पर्धा, म्हणून धाकटीने आत न डोकावता घाईघाईत नाकाचं बूड उघडलं, आपलं मोजलेलं वजन वरच्या वर ठेवलं आणि चिकटवून टाकलं. खाली अख्खं वाण्याचं दुकान भरलंय हे त्या बिचारीला काय माहीत?

मैदानावर आम्ही सगळे नटूनथटून गेलो. रॉकेटने मोठा आवाज केला, दोन मजल्यांइतकं चढलं, तिथे जरा विचारात पडल्यासारखं थांबलं आणि नाकावर येऊन आपटलं. छत्री त्यानंतर उघडली, जमिनीवर, अगदी व्यवस्थित. नाक फुटलं होतं. पंचबाई टोपी सावरत आल्या, खाली बसल्या आणि एकेक वस्तू वेचून आपल्या तळहातावर ठेवत गेल्या. गोळ्या, नट, माती. त्या रागावल्या नाहीत, एवढंच म्हणाल्या की हे नक्की कुणाचं? तुमचे दीर आभाळाकडे बघायला लागले, भावजींना एकाएकी बुटाची नाडी बांधायची आठवण झाली, मी पदराशी चाळा करत राहिले. मामंजींनी मात्र पितळी वजन दिसताच ते आमचं म्हणून हात पुढे केला.

धाकटीने तिथे फक्त तुकडे वेचून पिशवीत भरले. घरी आल्यावर बोलली. "मला कुणी मदत करू नका. तेवढी एकच मदत करा." आवाज मुळीच चढलेला नव्हता. रडली असती, आदळआपट केली असती तर बरं झालं असतं. इतक्या प्रेमाने इतकं वाटोळं करणारी माणसं मी दुसरीकडे पाहिली नाहीत, आणि मी त्यांच्यातलीच एक आहे याची मला फार लाज वाटली.

असो. तिने पुन्हा नळी कापली, पुन्हा पंख घासले. आम्ही चौघांनी शपथा घेतल्या. आज संध्याकाळी तिने स्वतः दोरी धरून फिरवलं तर नाक पुढे करून असं सुरेख फिरलं की ती कितीतरी दिवसांनी हसली. दुसरी आणि शेवटची संधी येत्या रविवारी आहे. तोवर रॉकेटला मागच्या खोलीत फक्त पडून राहायचंय, बाकी काही नाही. मी फार दमले आहे. ताईंना नमस्कार, तब्येतीला जपा.

तुमची,
धाकटी जाऊ

ता.क. वर सावकाश राहा असं लिहिलंय ते भावजी मागून वाचत होते म्हणून. आता ते गेलेत, तर खरं लिहिते. परवा मामंजी रॉकेटशेजारी भिंग घेऊन बसले होते. काल भावजी मला विचारत होते की पांढऱ्या रंगाचा एकच हात, अगदी पातळ, दिला तर वजन कितीसं वाढेल? शपथा हवेत विरल्यात. या घरात तुम्ही बंद केलेल्या कपाटाला कुणी हात लावत नाही, बाकी कुणाच्या बोलण्याला कुणी भीक घालत नाही. तुमच्या त्या धाकाबद्दल मी आजवर मागे पुष्कळ बोलले आहे, ते सगळं परत घेते.

ता.क. दुसरा. धाकटीला मी विचारलं, तुला काय हवंय ते तरी सांग. ती म्हणाली, "मोठी काकू कधी येणार?" भावजींच्या दुकानाचा टेम्पोवाला हे पत्र घेऊन येतोय. तो उद्या सकाळी परत निघेल, त्याला पुढची जागा रिकामी ठेवायला सांगितलंय. ताईंची क्षमा मागा, पण या.

ता.क. तिसरा. पाकीट चिकटवायला डिंक शोधत होते. बाटली जागेवर नाही. रॉकेटच्या खोलीचं दार आतून लावलंय, आत तुमचे दीर गुणगुणताहेत आणि मामंजी त्यांना "जरासंच, जरासंच" म्हणताहेत. टेम्पोवाल्याला सकाळपर्यंत थांबू देऊ नका. त्याला चहा पाजा आणि रात्रीच निघा.