जोडीचा फोटो

१२ जानेवारी १९५८, दिघी

कॅमेरा तांदळाच्या पिंपात टाकला. वर झाकण, झाकणावर वरवंटा. बस म्हणावं आत!

मुंबईच्या प्रदर्शनाला पाठवलेले फोटो सगळेच्या सगळे परत आले. एकाच्या पाठीवर परीक्षकांनी पेन्सिलीनं लिहिलंय — स्वच्छ, नीटनेटके, निर्जीव. झालं! सहा वर्षं इथं शाळा सुटल्यावर उन्हातान्हात भटकले, कोठीच्या खोलीत खिडकीला गोधडी लावून अंधार केला, औषधांनी बोटं पिवळी करून घेतली. 'नवरा बघायचा सोडून डबी गळ्यात घालून फिरते' असं पेणला आई म्हणाली, तेही गिळलं. आणि निर्जीव! रडले नाही. भाकरी मात्र करपली.

१५ जानेवारी

वाईट म्हणजे शेरा खरा आहे. आज जुने फोटो काढून बसले. जाळी दुरुस्त करणारे तांडेल, मासळी निवडणाऱ्या बाया, शाळेतल्या मुली — सगळी माणसं समोर बघतायत, पण घरात कुणी नसल्यासारखी. मीच 'हलू नका, हलू नका' म्हणून ओरडलेली असते ना. बिचारी हलत नाहीत.

१९ जानेवारी

इथल्या लोकांना जिवंतपणी फोटो नको असतो. फार काढले तर आयुष्य कमी होतं म्हणे. माणूस गेलं की मात्र मास्तरीणबाईची आठवण! आज खालच्या आळीतले म्हातारे बाळाजी गेले. बोलावणं आलं. नाहीच म्हणणार होते, पण दारात डोळे पुसत उभ्या असलेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं? वरवंटा बाजूला केला.

म्हाताऱ्याला ओटीवर खांबाला टेकवून बसवलं होतं. नवी टोपी, गळ्यात हार. घरची माणसं मागं उभी. उजेड कमी, म्हणून झडप बराच वेळ उघडी धरावी लागली. मागची रडत होती, डोलत होती. बाळाजी तेवढे हलले नाहीत.

२१ जानेवारी

रोल संपलाच होता, धुतला. मागच्या सगळ्यांचे चेहरे धुरासारखे पुसले गेलेत. स्पष्ट काय ते एकटे बाळाजी. त्यांची सून फोटो बघून म्हणाली, "मेलेलं मानूस तुझ्या हातात जितं व्हतं गो बाय!" कौतुकानंच म्हणाली. घरी येऊन हात साबणानं घासले. तरी जेवताना वास येतोय असं वाटत राहिलं.

२६ जानेवारी

हेडमास्तर म्हणाले, झेंडावंदनाचा एक फोटो होऊन जाऊ दे. 'भिंग बिघडलंय' म्हटलं. बिघडलंय कोण ते माझं मला ठाऊक!

संध्याकाळी स्वतःचाच राग आला. नवा रोल भरला आणि धक्क्यावर गेले. आगरदांड्याचा मचवा लागला होता. माणसं चढत होती, उतरत होती. मी कुणाच्या तोंडाकडे पाहिलं नाही. माणूस दिसला की तो शेरा दिसतो. गोदामाच्या काळ्या दारासमोरून मचव्याचा दोर ताणून बांधला होता. त्याच्यावर रोखून एक दाबला. दाबला म्हणजे चिडून दाबला, आणि पाय काढला तिथून.

३० जानेवारी

ठमाबाई आली होती. शाळेच्या वाटेवर सुकी मासळी घेऊन बसते ती. तिचा नवरा हरेश्वर सात वर्षांपूर्वी वादळात गेला. होडीच्या फळ्या मुरुडकडे लागल्या, बरोबरचे दोघे सापडले, हा सापडला नाही. 'मी मढं पाह्यलं न्हाय' म्हणून हिनं कुंकू पुसलं नाही. तेव्हापासून साऱ्या गावाशी भांडून बांगड्या घालते. आता तिच्या दिरानं, भागोजीनं, पंचांच्या मतानं ठरवलंय — येत्या अवसेला दर्भाचा पुतळा करून हरेश्वर म्हणून जाळायचा आणि हिच्या बांगड्या फोडायच्या.

"त्याच्या आदी मना जोडीचा फोटू काढून दे."

"जोडीचा? अहो, पण हरेश्वर..."

"तू बाजूला इस्टूल ठेव. त्यो बसंल."

वेड लागलंय म्हणावं तर डोळे अगदी शहाणे! मी आता फोटो काढत नाही म्हटलं. तर म्हणते, "काढतेस की. मेलेल्यांचं."

हो म्हणून बसले.

२ फेब्रुवारी

काढला एकदाचा. तिच्या घराच्या उघड्या दारासमोर शाळेतली खुर्ची ठेवली. खुर्चीवर ती, शेजारी रिकामं स्टूल, मागं घरातला अंधार. बघायला अख्खी आळी जमलेली.

माझं नेहमीचं सुरू झालं — मान वर, पदर सारखा करा. तिचा उजवा हात अगदी बोडका दिसत होता. म्हटलं, दोन बांगड्या या हातात घाला ना, चांगलं दिसेल. ठमाबाईनं हात पदराखाली घेतला. मग एकीनं सांगितलं — कोळीण उजव्या हातात बांगडी घालत नाही. त्या हातच्या बांगड्या लग्नात दर्याला द्यायच्या. त्या बदल्यात दर्यानं तिचा घोव राखायचा. सहा वर्षं यांच्यात राहते, यांचे इतके फोटो काढले, आणि एकीचाही उजवा हात मी पाहिला नव्हता! मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्या गडबडीत 'हलू नका' म्हणायचं राहिलं. बटण दाबलं तेव्हा ती स्टुलाकडं वळून काहीतरी सांगत होती. कुणाला सांगत होती देव जाणे. फुकट गेला असणार फोटो.

९ फेब्रुवारी

उरलेला रोल कौलांवर, विहिरीवर, मांजरावर उडवून आज धुतला.

स्टुलावर माणूस बसला आहे.

९ फेब्रुवारी, दुपारी

दार-खिडक्या सताड उघडून बसलेय.

छाप काढून उन्हात नेऊन पाहिला. ठमाबाई बोलता बोलता थांबलेली, ओठ उघडे, एक भुवई वर — अगदी ठमाबाई! आणि शेजारी तो. विरळ. पोटऱ्यांतून स्टुलाचे पाय दिसतात. मान वळवून तिच्याकडं बघतोय. दोघांच्या डोक्यावरून एक पांढरी तिरकी रेघ गेलीय, कसली कोण जाणे. दुसरा छाप काढला. त्यातही बसलाय. तिसरा काढायची छाती झाली नाही.

पुरुष म्हणून त्या आळीत त्या वेळी कुणी पुढं आलं नव्हतं. स्टूल रिकामं होतं. मी स्वतः ठेवलं होतं!

१० फेब्रुवारी

दाखवावा की फाडून टाकावा? शेवटी दाखवला. वाटलं, किंचाळेल, निदान रडेल. तिनं ओल्या हाताचं पाणी लुगड्याला पुसलं, फोटो घेतला, बराच वेळ पाहिला. चेहऱ्यावर भीती नावाला नाही.

"वाळलाय गो," म्हणाली. मग बोट ठेवून, "हितं कानापाशी पिकलाय पन."

आणि लाजून हसली! मला तिथं उभं राहवेना.

१२ फेब्रुवारी

गावभर झालंय. वर्गात मुली पहिला बाक सोडून बसल्या. सकाळी दारात कुणीतरी लिंबू टाकून गेलं — टोचलेलं. विहिरीवर मी गेले की बाया घागरी उचलतात.

भागोजी आला होता. उंबऱ्याबाहेरूनच बोलला. "मास्तरीणबाय, भाऊ पान्यात तान्हेला हाय. म्हनून तुमच्या डबीत आला. आता अवस चुकवायची न्हाय." सख्खा भाऊ त्याचा. बोलताना आवाज फुटत होता. वाईट माणूस नाही तो.

भीती वाटते, खूप वाटते. आणि इथं लिहायला हरकत नाही — तो फोटो मी आजवर काढलेला सगळ्यात चांगला फोटो आहे. चोरून चोरून बघते. लाज वाटते, तरी बघते. पण त्यात माझं काय आहे? माझ्या हातून तो झालाच नाही, कुणीतरी करवून घेतला. निर्जीव माणसाच्या हातून निर्जीवांनीच काढून घ्यायचं, एवढीच माझी लायकी असं वाटत राहतं.

१४ फेब्रुवारी

वाळलाय. कानापाशी पिकलाय. हे काही डोक्यातून जाईना. बुडालेला माणूस वाळतो का? मेलेल्याचे केस पिकतात का?

शाळेत सुट्टी टाकली. रोलच्या सगळ्या निगेटिव्ह खिडकीच्या काचेवर लावून पाहिल्या. कौलं आहेत, विहीर आहे, मांजर आहे. धक्क्यावरचा दोर कुठाय? नाही! मग लख्ख उजाडलं. दोराचा फोटो घेऊन मी रागारागानं निघाले आणि फिल्म पुढं फिरवायची विसरले. त्याच तुकड्यावर ठमाबाई! नवशिक्यानं करावी अशी चूक! ती तिरकी रेघ म्हणजे मचव्याचा दोर. आणि तो म्हणजे गोदामाच्या दारापाशी बसलेलं कुणीतरी, ज्याच्याकडं मी बघितलंसुद्धा नाही. खो खो हसले. इतके दिवस स्वतःच्याच वेंधळेपणाला घाबरत होते!

हसता हसता थांबले. कुणीतरी कसा? ठमाबाईनं ओळखलाय त्याला.

१५ फेब्रुवारी

फोटोतली ठमाबाई कागदानं झाकली आणि धक्क्यावर नेऊन तुळशीरामला दाखवला. मचवा त्याचाच. राजपुरीकडचा, दोन वर्षांपूर्वी इथं आला, हरेश्वरला त्यानं कधी पाहिलेलं नाही.

"ह्यो व्हय? झेंड्याच्या दिवशी आलता की. उरनला मिठागरावं कामाला हाय म्हनला. बायको हाय, पोरं हायत तिकडं. हितं गावात काय गेला न्हाय. गोनीवर बसून वर आळीकडं बघत व्हता. मी हाळी दिली, मचवा सुटतोय, तर गपचिप येऊन बसला."

म्हणजे फोटोत तो जिच्याकडं बघतोय, तिच्या घराकडंच बघत होता. आणि उठून गेला.

याच्यापेक्षा भूत बरं होतं.

१६ फेब्रुवारी

परवा अवस. तोंड बंद ठेवलं तर गाव जित्या माणसाला जाळणार, आणि नवरा असताना तिच्या बांगड्या फोडणार. सांगितलं तर तिचं सात वर्षांचं भांडण कशासाठी होतं? सकाळपासून तिच्या वाटेनं दोनदा गेले, दोनदा परतले. तिसऱ्यांदा सांगून टाकलं. माझी चूक, दोर, तुळशीराम, उरण — सगळं.

तिनं सुकटीची पाटी बाजूला सारली. "पोरं किती हायत?" एवढंच विचारलं. मला ठाऊक नव्हतं.

बराच वेळ माशा हाकलत बसली. मग म्हणाली, "गावात बोलू नको." म्हणजे ती आता हट्टानं बांगड्या ठेवणार, भागोजीशी आणखी भांडणार. भांडू दे. खरी सवाष्ण आहे ती! मी साक्ष द्यायला उभी राहीन, लिंबं टाकोत नाहीतर दगड टाकोत.

१८ फेब्रुवारी, अवस

किनाऱ्यावर पुतळा जाळला. भागोजी लहान पोरासारखा रडला. ज्याच्यासाठी सगळे रडत होते तो तिकडे उरणला मीठ ओढत असेल, हे तिथं आम्हा दोघींनाच ठाऊक. मी बोलायला पुढं झाले. ठमाबाईनं माझा हात दाबला.

बाया बांगड्या फोडायला आल्या तर तिनं कुणाला हात लावू दिला नाही. स्वतःच खडकावर हात आपटला. कुंकू स्वतःच पुसलं. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "दर्यानं राखला त्याला, बाय. दर्याचा काय दोस न्हाय. काढ आता माजा एकटीचा."

आधी तिच्याकडं नीट पाहिलं. मग काढला.