कमळीला आणायची गाडी

२८ नोव्हेंबर, मंगळवार

परत बंद! वाणगाव सोडून बोईसरच्या अर्ध्या वाटेत. सकाळी थंड असताना एका चावीत सुरू झाली होती. इंजिन तापलं आणि गेली. स्टार्टर फिरतोय, इंजिन पकडत नाही. आत सगळी माझी मुलं, मूकबधिर शाळेची. एकालाही ऐकू येत नाही. मागून ट्रकवाले हॉर्नवर हात ठेवून उभे आणि मुलं मजेत खिडकीतून बघतायत. तेच बरं म्हणायचं.

कमळीला मात्र माझ्याआधी कळलं. ती माझ्या मागे बसते, पाय पत्र्याला टेकवून. गाडी मरायच्या आधी थरथरते वाटतं. तिने माझ्या खांद्यावर चापट मारली आणि हाताने खूण केली — 'संपलं.' शाळेत आली तेव्हा या पोरीला पाणी हवंय हेसुद्धा सांगता येत नव्हतं. हात धरून हंड्यापर्यंत ओढत न्यायची.

गार झाल्यावर सुरू झाली. शाळेत बाईंनी घड्याळाकडे पाहिलं.

२९ नोव्हेंबर

रामनाथच्या गॅरेजला लावली. म्हणाला, "ताई, पेट्रोलचा पंप गेलाय. बारा वर्षांची गाडी, होणारच." बसवला नवा.

३० नोव्हेंबर, गुरुवार

पंप नवा आणि गाडी तीच. सिडको नाक्यावर बंद.

१ डिसेंबर, शुक्रवार

आता इंजिनचा सेन्सर बदलला. मग कॉइल. रामनाथ चांगला माणूस आहे, पण तो अंदाजाने बदलत चाललाय आणि ते त्यालाही कळतंय. आज माझ्या नजरेला नजर देईना.

मुलांच्या घरी फोन केले. बहुतेकांची सोय झाली. तारापूरच्या कॉलनीतला आरव वडिलांच्या स्कूटरवर येईल, वाणगावची दोघं बसने. राहिली कमळी. तिच्या पाड्यावर ना बस जात ना रिक्षा. तिच्या बापाचा, जिवल्याचा, फोन बंद. रिचार्ज संपला असणार.

२ डिसेंबर, शनिवार

अक्षय, माझा नवरा, नाइट शिफ्ट करून आला आणि कपडेही न बदलता मोटारसायकलवरून पाड्यावर गेला. मी काही म्हटलं नव्हतं. कमळीला शाळेत सोडून घरी आला आणि पायरीवरच बसला. "मेघाली, शाळेत नेताना डुलकी लागली गं. ती मागे बसलेली. पुन्हा नाही नेणार मी तिला."

पाणी दिलं. दुसरं काय देणार? संध्याकाळी कमळीला तिचा बापच येऊन घेऊन गेला.

४ डिसेंबर, सोमवार

आज मीच पाड्यावर गेले. फाट्यापर्यंत शेअर रिक्षा, पुढे तासभर चालत; रोज पोरीला असं आणणं जमायचं नाही. जिवल्या अंगणात फावड्याला दांडा बसवत होता. दिवाळी झाली, भात झोडून झालं, आता तो आणि त्याची बायको भिवंडीकडे वीटभट्टीवर जाणार पावसाळ्यापर्यंत. दरवर्षीचंच. कमळी तेवढी आजीजवळ, नवसीजवळ, राहते. कारण दिवसभर शाळेत असते.

"गाडी येनार का, बाय?" त्याने विचारलं.

"येणार. दुरुस्तीला आहे."

"शुक्रवारी शेठचा ट्रक येनार आमाला न्यायला. तवर गाडी आली तर पोर हितं. नाय आली तर नेतो संगं."

मी म्हटलं, "अरे, गेल्या वर्षी भट्टीवर काय झालं होतं, विसरलास?" चार दिवस नेली होती तिला, तेवढ्यात ट्रॅक्टर रिव्हर्स घेताना तिच्या अंगावर आला होता. सगळे ओरडत होते. तिला कुठलं ऐकू येतंय! आईने केस धरून ओढली म्हणून वाचली.

जिवल्या दांडा ठोकत राहिला. नवसी दारातूनच बोलली, "मी म्हातारी हाय गं बाय. दिस उजाडला की ही रानात जाते. हाक मारून उपेग नाय. कुटं कुटं धावू मी तिच्यामागं?"

तिचंही खरंच आहे. कमळी आतून पाटी घेऊन आली. स्वतःचं नाव लिहिलं, खाली आजीचं. नवसीने पाटी उलटी धरली आणि मान डोलावली.

५ डिसेंबर

रामनाथने शेवटी कबूल केलं — "माझ्या हातातलं नाय हे." पालघरच्या कमलेशकडे न्यायला सांगितली. टेम्पोमागे दोर बांधून नेली. सगळी वाट ब्रेक सांभाळत बसले. आपली गाडी दुसऱ्याच्या मागे अशी फरफटत जाताना बघून रडूच आलं. रडले. काचा बंद होत्या.

६ डिसेंबर, बुधवार

कमलेश गाड्यांचं इलेक्ट्रिक बघतो. स्कॅनर लावला. बाकी सगळं दिसतं, इंजिनचा कॉम्प्युटर उत्तरच देत नाही. "वायरिंग पहिले चेक करू," म्हणाला. मीटर घेऊन एकेक वायर तपासली. करंट येतोय, अर्थिंग आहे. मग सीट उचलून खालचा डबा, म्हणजे तोच कॉम्प्युटर, वायरींसकट बाहेर काढला. हातावर मावेल एवढा, चपटा. इंजिन सुरू ठेवून त्याच्यावर केस वाळवायचं मशीन धरलं. गरम हवा लागली आणि इंजिन बंद! गार केला, सुरू. परत गरम, परत बंद.

डबा उघडून दाखवला. आत हिरवी बुरशी धरल्यासारखं. "मीठ आहे हे. गाडी आधी कुणाची होती?"

सातपाटीच्या माणसाची. बर्फात घातलेली मासळी वाहायचा तो. ते खारं पाणी सीटखाली झिरपत राहिलं असणार, आणि आम्ही वर नवीन कव्हर घालून अगरबत्ती लावली.

नवा डबा मिळत नाही, कंपनीने बंद केलाय. जुना शोधायचा. कमलेशने मुंबईत भंगारवाल्यांना फोन लावले. उद्या येईल म्हणतात.

परवा शुक्रवार.

७ डिसेंबर, गुरुवार

आला डबा. दुपारपर्यंत पार्सलच्या ऑफिसबाहेर उभी होते, जेवलेही नाही. लेबलवरचा नंबर जुळला. बसवला. चावी फिरवली — सुरू झाली! मी टाळी वाजवली. टाळी पुरी व्हायच्या आत बंद. परत सुरू, परत बंद. डॅशबोर्डवर चावीचं चित्र लुकलुकतंय.

कमलेश कपाळाला हात लावून बसला. हा डबा दुसऱ्या गाडीतला. आमची चावी ओळखत नाही, चोर समजतो. जुन्या डब्याच्या आतली माहिती काढून यात भरावी लागेल. "काढता येईल का?" विचारलं. "मेमरीचा भाग सडला नसेल तर. बघतो. उद्या लागेल."

"उद्या सकाळी?"

"ताई, घाईत केलं तर दोन्ही डबे जातील."

पाड्यावर जिवल्याच्या शेजारच्या मुलाच्या फोनवर निरोप दिला — एक दिवस थांबा. तो म्हणाला सांगतो. सांगितलं का, देव जाणे.

८ डिसेंबर, शुक्रवार

ट्रक आला. गेला. कमळीला घेऊन.

शेजारच्या मुलाने कळवलं. निरोप पोचला होता. पण ट्रक काय थांबतोय!

९ डिसेंबर, शनिवार

गाडी झाली. संध्याकाळी चार वाजता. कमलेशने माहिती उतरवली, चावीचा दिवा विझला, इंजिन सुरू झालं आणि सुरूच राहिलं. बोईसरपर्यंत आले, तशीच पुढे तारापूरला वळसा घालून आले. तापली, तरी एकदाही अडली नाही. इतकी गुळगुळीत कधीच चालली नव्हती. मला तिला लाथ मारावीशी वाटली.

अक्षय म्हणाला, "आता विकून टाक. चालू आहे तोवर." बहुतेक विकेन. उरलेली मुलं बसने, स्कूटरने येतातच आहेत. कुणाचं काही अडलेलं नाही.

११ डिसेंबर, सोमवार

तरी गेले पाड्यावर. सवयीने म्हण. फाट्यावरून वळले आणि घरापर्यंत नेली. नवसी एकटीच. जवळ येऊन तिने गाडीच्या बॉनेटवर हात ठेवला.

"झाली व्हय?"

"झाली."

"दोन दिस आदी झाली असती तं."

तिने दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं. पाटी देत होती, 'शाळेत ठेव' म्हणून. मी घेतली नाही. रिकामी गाडी घेऊन परत.

१३ डिसेंबर

शाळेच्या बाईंनी हजेरीत कमळीसमोर 'स्थलांतर' लिहिलं. मी समोरच उभी होते. भट्टी कुठे म्हणून विचारलं त्यांनी. भिवंडीकडे, एवढंच ठाऊक. त्या बाजूला भट्ट्या काय थोड्या आहेत!

१४ डिसेंबर

ट्रॅक्टर डोळ्यासमोरून हलत नाही. काही लिहवत नाही.

१५ डिसेंबर, शुक्रवार

वाणगावच्या एकाला गाडी दाखवली. रविवारी न्यायला येतो म्हणाला. अक्षयला सांगितलं. तो बरं म्हणाला.

१६ डिसेंबर, शनिवार

दुपारी अनोळखी नंबर. जिवल्या! "काय झालं? लागलं का तिला?"

"नाय, नाय. बरी हाय. बाय, गाडी चालू झाली ना तुझी?"

"झाली."

"मंग ये. कमळीला ने. हितं जव्हारकडचं एक पोर हाय, त्याला बी ऐकू येत नाय. कोन बोलायचंच नाय त्याच्याशी. ही त्याला हातानं शिकवते दिसभर, पानी, भाकर, आई. काल त्यानं आईला हातानं हाक मारली. ती बाई रडाय लागली. ती म्हनते, माझ्या पोराला बी ने त्या शाळेत. म्हातारीला फोनवर इचारलं, गाडी येत आसंल तं संबाळते म्हनली दोघांना."

पत्ता लिहून घेतला. वाणगावच्याला फोन करून नाही म्हणून सांगितलं. अक्षय टायरमध्ये हवा भरायला गेलाय. सकाळी दोघं निघतोय.