तितराले लपाले जागा

संघप्रिया बाई,

तुम्ही वनरक्षक. हे पत्र तुमच्या हाती देईन का नाई, मलेच मालूम नाई.

मोहाच्या झाडाखालचा पाला मीच जाळला. जमीन साफ असली का फुलं वेचाले सोपं जाते. पण वारा सुटला अन् आग पुढं गेली. सकाळी राखेत पाय भाजलेलं तितूर सापडलं. माहा नवरा म्हणे, "भाजी कर." मी ते टोपलीखाली ठेवलं, वीस दिवस वाळवी चारली. तुम्ही मलम आणून दिलं अन् विचारलं, "आग कोणी लावली, मंगलीबाई?"

"मले काय मालूम," मी म्हटलं.

काल आपण त्याले मोहाखालीच सोडलं. ते इकडं पळालं, तिकडं पळालं, अन् माघारी येऊन माह्या लुगड्यामागं दडलं. तुम्ही मले शाबासकी देऊन हसून म्हणाल्या, "माया लागली त्याले तुमची." मग नाल्यापलीकडं नेलं, तर मागं न पाहता पाल्यात शिरलं.

ती माया नव्हती, बाई. मोहाखाली लपाले मी त्याले एक पानही ठेवलं नव्हतं.

तुम्ही जिले शाबासकी दिली ती,
मंगली