पेपर चालू हाय

पाबळ

धुरपदाअक्का, ईश्वरचा नमस्कार.

माझ्या शितलला बघाया तू दौंडवरनं धाडलेले पाव्हणे चहा न घेता का गेले, ते फोनवर सांगाया जीभ रेटंना, म्हणून लिहितोय.

तिची कॉलेजच्या प्रवेशाची गणिताची परीक्षा जवळ आलीया. दर रविवारी घड्याळ लावून ती घरात सरावाचा पेपर सोडवती, आन् सुपरवायझर मी. मी आपला शेवंती लावणारा माणूस, पर शिट्टी गळ्यात अडकवली की माझ्या अंगातच येतं. शेजारणीला मिक्सरबी लावू देत न्हाई.

पाव्हणे आले तवा निम्मा पेपर झालता. मी त्यास्नी ओट्यावरच बसवलं. नवऱ्या मुलाची आई म्हणाली, "मुलीला बोलवा की!"

"हळू बोला, पेपर चालू हाय."

त्याचा बाप भडकला. "आम्ही काय परीक्षा द्यायला आलोय व्हय?"

अक्का, मला कळायच्या आत मी वरडलो, "ज्यांची परीक्षा न्हाई त्यांनी हॉलच्या बाहेर व्हा!"

ते गाडीत बसून तडक गेले.

शिट्टी वाजल्यावर शितल घामाघूम होऊन बाहेर आली. "आप्पा, पयल्यांदाच पेपर येळंत पुरा झाला! कोण भांडत होतं?"

"कुणी न्हाई. उत्तरं तपास."

स्थळ चांगलं हुतं, पर तिचं तोंड बघून मला वाईटच वाटंना. हे पत्र धाडायचं धाडस न्हाई. तू विचारलंस, तर म्हैस उधळली म्हणून सांगीन.

दुसरं स्थळ परीक्षेनंतर बघू. न्हाई, निकालानंतर. न्हाई अक्का, ती इंजिनीअर झाल्यावरच बघू.

तुझा धाकटा,
ईश्वर