शेवटच्या घरापासून

प्रिय उर्वशी,

आपल्या गल्लीतला अंकुश उद्या सकाळच्या एसटीने नागपूरला निघतो आहे. त्याच्या हाती हे पत्र देतो. फोनवर मी जेवलीस का एवढंच विचारतो आणि तू हो म्हणतेस. हे त्यात मावणारं नाही.

घरी ठीक आहे. आईचा खोकला गेला. तू ट्रेनिंगला गेल्यापासून उपकेंद्रात तुझ्या जागी दुसरी सिस्टर येऊन जाते. लोक तिच्याकडून गोळ्या घेतात आणि तू कधी येणार ते तिलाच विचारतात. तुझी गाडी सावलीत आहे. तू सांगितलंस तशी अधूनमधून चार्जिंगला लावतो. चार्जिंगच्या पेटीवरचा आकडा सहाच ठेवतो. बटण दाबताना अजून बोट आखडतं.

पोळ्यानंतर पाऊस नाही. धान पोटरीत आलं आहे. तलावाचं पाणी सोडावं लागेल, आणि यंदा माझे गुडघे मला तलावात उतरू देणार नाहीत. छातीभर पाण्यात उभं राहून तुडुमाचं बूच काढून पाटाला पाणी सोडणं आता माझ्याच्यानं होत नाही. आजोबांपासून पाणकराचं काम आपल्या घरात आहे. ते आता कोणाच्या हाती द्यायचं, यासाठी परवा पारावर बैठक झाली. काय ठरलं ते लिहितोच. पण त्याआधी उन्हाळ्यातलं लिहायला हवं. ते मी तुझ्याशी कधी बोललो नाही.

पेटी भिंतीवर बसली त्या दिवशी तू आकडा बत्तीसवर, म्हणजे सगळ्यात वर, ठेवला होतास. गाडी लवकर भरली की पहाटे झाडीतल्या गावांच्या फेरीला निघता येईल, हा तुझा हिशेब. आपण दोघांनी आपल्या घरातला दिवा पाहिला. हलला नाही. समोरच्यांचा पाहिला. तोही नाही. आपण खूश. विजेची डीपी आपल्या दाराशी आहे, आपला दिवा कशाला हलेल? तलावाच्या तोंडाशी ज्याची धानाची बांधी असते, त्याला पाणी कमी आहे हे कधीच कळत नाही. मला पाणकराला हे त्या वेळी सुचलं नाही.

कळलं ते गल्लीच्या खालच्या बाजूच्या झिंगूभाऊंमुळे. ते फाटकात उभे राहून ओरडले, “देवराव, तुह्या पोरीच्या गाडीनं माहा टीव्ही खाल्ला!” त्यांच्या मागून शकुबाई आली. तिचं घर गल्लीतलं शेवटचं, त्यापुढे जंगल. अंगणातला दिवा दबला की तिच्या शेळ्या अंधारात, आणि त्याच आठवड्यात बिबट तिथून फिरून गेला होता. ती ओरडली नाही. “बाई, तुही गाडी चालली पायजे. पन माह्या शेळ्याईनं काय केलं व?” एवढंच तुला म्हणाली. मला वाटलं, संपलं. पेटी गेली तर गाडी गेली, आणि गाडी गेली तर तुझी फेरी गेली. मी झिंगूभाऊंना चहा विचारायला वळलो. तेवढंच मला येतं.

तू चहाला थांबली नाहीस. दुसऱ्या दिवशी दिवाबत्तीच्या वेळी तू घरोघर जाऊन सांगितलंस, पंखा, टीव्ही, कूलर, असेल ते सगळं लावा. मग शकुबाईला तिच्या अंगणात दिव्याखाली बसवलंस. तिच्या घराकडे फोन लागत नाही, म्हणून दर दोन घरं सोडून एक माणूस दारात. तू पेटीपाशी. सहावर सुरू केलंस आणि हाक दिलीस, “आता?” ती हाक दारादारातून खाली गेली आणि उत्तर वर आलं, “बराबर हाय!” दहा केलंस. “बराबर हाय!” सोळा केलंस. उत्तराला वेळ लागला. मग एकदम चार दारांतून आलं, “दबलं, दबलं!” झिंगूभाऊ स्वतःचा टीव्ही सोडून रस्त्यावर येऊन ओरडत होते, जणू बैलांचा शंकरपटच चालला आहे.

मला वाटलं, आता दहावर ठेवशील. दहाला दिवा नीट होता. कोणी काही म्हणालं नसतं. तू सहावर आणलंस. मी विचारलं, काऊन? तू म्हणालीस, बाबा, उद्या कोणी नवा कूलर आणला तर? एक बूच ठेवावं लागते ना. गाडीला रात्रभर वेळ आहे.

एक बूच ठेवावं लागतं. तू लहान असताना तलावाच्या पाळीवर बसून मला तुडुम उघडताना पाहायचीस. पाणी भरपूर दिसत असलं तरी मी एक बूच कमीच काढायचो, आणि आधी शेवटची बांधी भिजायची. मी तुला हे शिकवलं नव्हतं. मुलगी आहे, तिला कशाला, असंच सगळे धरून चालले होते. तू शिकून बसली होतीस. त्या संध्याकाळी मी वैरण टाकायला म्हणून गोठ्यात गेलो. वैरण आधीच टाकलेली होती. तरी बराच वेळ तिथेच उभा राहिलो.

झिंगूभाऊ अजून चिडवतात, “पोरगी गाडीले उपाशी ठेवून राह्यली.” मी म्हणतो, उपाशी नाई, पथ्यावर आहे.

तर परवाची बैठक. सगळ्यांनी राजदीपचं नाव धरलं होतं. माझा पुतण्या, अंगाने मजबूत, पाण्याला न भिणारा. मीही त्याचंच नाव घेणार होतो. तेवढ्यात शकुबाई उठली. तिचं घर शेवटचं, तशी तिची बांधीही शेवटची. ती म्हणाली, “पोरगी कवा येते?” कोणाला कळेना. झिंगूभाऊंना कळलं. ते म्हणाले, “तिले बोलवा. जिनं सोताची गाडी पथ्यावर ठेवली, ते आमचं पानी काऊन खाईल?” कोणीतरी हसलं. कोणीतरी म्हणालं, बाई तलावात उतरेल काय? त्यावर राजदीपच बोलला, “उतरतो मी. कोनतं बूच काढाचं ते ताईनं सांगाव.” मग कोणी काही बोललं नाही. आपल्याकडे तोच होकार.

सगळे माझ्याकडे पाहत होते. मी हो म्हटलं नाही. म्हटलं, तिला विचारावं लागेल, ती माझ्या घरात राहते पण तिचं तोंड माझं नाही. म्हणून हे पत्र. तुझं ट्रेनिंग शनिवारी संपतं. रविवारी पाणी सोडायचं आहे. पुढेही पहाटेच तलावाच्या पाळीवर यायचं, उपकेंद्र उघडायच्या आत मोकळी होशील. मी काठावर बसेन, तू बसायचीस त्याच दगडावर, आणि काही सांगणार नाही. नाही म्हणालीस तरी तसंच बैठकीत सांगेन, मान खाली न घालता. पण उर्वशी, गावाने विचारलं आहे. माझी मुलगी म्हणून नाही. तुला विचारलं आहे.

तुझाच,
रविवारपर्यंतचा पाणकर,
बाबा