आमचे सर फार मदत करतात

तीर्थस्वरूप मावशीस,

लांबूनच वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? तेल चोळतेस ना, की बाटली आणल्या जागीच उभी आहे? इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो, तू वाचून सोडून दे. इकडे काहीही ठीक नाही. रोज पहाटे दचकून जाग येते आणि पोटात गोळा येतो. (अपचन नाही. तू हेच म्हणणार हे ओळखून डॉक्टरांना आधीच विचारून आलोय.)

तुला माहीतच आहे, मी दुसऱ्या वर्षाच्या मुलांना लाकूडकाम शिकवतो. यंदा नवा नियम निघाला: चौघाचौघांचा गट करायचा, गटाने मिळून एक वस्तू बनवायची आणि परीक्षकांसमोर उभं राहून प्रत्येकाने आपापल्या कामाविषयी बोलायचं. प्रत्येक गटाला एक मार्गदर्शक. आमच्या विभागप्रमुख बाईंनी मला दारातच बजावलं की मदत करा, पण त्यांचं काम तुम्ही करू नका. आता हे म्हणजे पाण्यात उतरा पण भिजू नका, असं झालं. माझा गट दवाखान्यात थांबणाऱ्या लोकांसाठी बाक बनवतोय. गटात एक आहे मुकादम (ही नावं फक्त तुझ्या-माझ्यात), तो सगळ्यांना कामं सांगतो आणि करवतीला हात लावत नाही. दुसरा होईल-की, कारण काहीही विचारा, उत्तर तेच. तिसरा रंधेवाला. तो इतक्या प्रेमाने रंधा मारतो की दोन फळ्यांचे पापड झाले. आणि चौथी मौनी.

माझा जीव टांगणीला लागलाय तो या मौनीपायी. हात असा की तिने बसवलेल्या सांध्यात कागद शिरणार नाही. पण चार डोळे आपल्याकडे वळले की पोरगी अर्ध्या वाक्यात अडकते. गेल्या वर्षी तोंडी परीक्षेत ब्र न काढता उभी राहिली आणि नापास होऊन त्याच वर्गात परत आली. यंदाही तसंच झालं तर वडील तिला घरी नेऊन दुकानात बसवणार आहेत. ते स्वतः येऊन मला सांगून गेले, अगदी शांतपणे. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. परीक्षा येत्या गुरुवारी आहे.

मग मी मदतीला लागलो. कोणी काय करायचं याचा रंगीत तक्ता करून कार्यशाळेच्या भिंतीवर लावला. मुकादम रुसला, कारण तक्ता म्हणजे त्याची नोकरीच गेली. होईल-कीने त्या भिंतीला पाठ टेकून छान डुलकी काढली. मग फोनवर गट उघडला आणि पहिल्याच निरोपात लिहिलं, मी इथे फक्त बघायला आहे. त्यानंतर जेवणाच्या सुट्टीपर्यंत ‘कुठवर आलं?’ असं मीच पाच-सहा वेळा विचारलं. आधी अंगठे आले, मग तेही बंद झाले. मुलांनी मला वगळून दुसरा गट काढला होता आणि काम तिथे चाललं होतं. हे कळलं कसं, तर होईल-कीने ‘सर गेले का?’ हा निरोप चुकून माझ्याच गटात टाकला. मी दाराआडच होतो. ‘नाही’ असं उत्तरही दिलं.

आणि मौनी अडकली की शब्द मी पुरवायचो. तिची घालमेल बघवत नाही गं. रंधेवाल्याने विचारलं, बाकाची पाठ किती कलती ठेवू? ती ‘थोडी...’ म्हणून थांबली, मी ‘जास्त’ म्हणून मोकळा झालो. बाक तयार झाला, मी बसून पाहिला आणि थेट छत दिसलं. तिला ‘थोडी कमी’ म्हणायचं होतं. पाठ पुन्हा खोलावी लागली.

सोमवारी बाईंनी बोलावलं. चौघं त्यांच्या टेबलासमोर उभी. मला वाटलं, आपापसात भांडून फुटले, आणि मी समजुतीचे शब्द जुळवू लागलो. तेवढ्यात मौनी पुढे झाली. म्हणाली, “मॅडम, आमचे सर फार मदत करतात. ती थांबवता आली तर बघा ना.” तक्ता, निरोप, बाकाची पाठ, तिने सगळं सांगितलं. बाकीचे तिघं मागे गप्प (मुकादमसुद्धा!). मग म्हणाली, “सरांचा राग नाही, पण ते आले की आम्ही...” आणि अडकली. माझ्याकडे तीन शब्द तयार होते: घाबरतो, गोंधळतो, कंटाळतो. तोंड उघडलंसुद्धा. बाईंनी चष्म्यावरून अशी नजर टाकली की ते मिटलं. मावशी, इतका वेळ मी आयुष्यात कधी गप्प बसलो नव्हतो. मग ती म्हणाली, “आम्ही एकमेकांशी बोलत नाही. सगळं सरांशीच बोलतो.” माझ्या तिन्हींपैकी एकही नाही! लाज वाटली आणि आनंद तर इतका झाला की टाळ्याच वाजवणार होतो, पण तक्रार माझ्याविरुद्ध होती.

निकाल असा की परीक्षेपर्यंत मी कार्यशाळेत पाऊल टाकायचं नाही. मी बाहेर फेऱ्या मारतो. करवतीचा आवाज थांबला की माझा श्वास थांबतो. काल आतून हसण्याचा आवाज आला. बोट कापल्यावर कोणी हसत नाही ना? शिपायाला माझी दया येऊन त्याने खुर्ची आणून दिली.

असो. माझी काळजी करू नकोस, घरात काळजी करणारं एक माणूस पुरे आहे. काकांना नमस्कार.

तुझा,
बोलभांड भाचा

ता. क. : गुरुवारी तू येशील का? मला शेवटच्या रांगेत बसायची परवानगी मिळाली आहे, पण माझा माझ्यावर भरवसा नाही. ती अडकली आणि माझं तोंड उघडलं, तर शेजारी बसून तुझा तो पिळून काढायचा चिमटा घे. दंडाला घे, मांडीला घेतलास तर मी ओरडेन.

आणखी एक ता. क. : ही कल्पना माझी नाही. बसू द्या म्हणून मी बाईंकडे गयावया केली, त्यांनी गटाला विचारलं. मुकादम सरळ नाही म्हणाला. मौनीने मात्र विचार केला, माझ्याकडे बघितलं आणि कुठेही न अडकता म्हणाली, “येऊ देत मॅडम, पण सरांनी पालकांना सोबत आणावं.” वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, मावशी. आणि पालक म्हणून मला तूच आहेस. ये.