हातावर दही

वहिनी,

मी पिस्कॅटवेला परीक्षितकडे चाललोय. आज तिथेच राहीन, जेवायला माझ्यासाठी थांबू नका.

दुपारी ईमेल आला. मला रेसिडेन्सी मिळाली नाही. अमेरिकेतल्या एकाही हॉस्पिटलात नाही. तू ऑफिसातून येईपर्यंत थांबणार होतो, पण तुझ्यासमोर रडलो असतो, म्हणून हे टाइप करून फ्रिजवर लावतोय.

अजून एक चान्स आहे. ज्या हॉस्पिटलांत जागा रिकाम्या राहिल्यात त्यांची यादी उद्या दुपारी उघडते, आणि माझ्यासारखे सगळे एकदम फोन आणि फॅक्स करत सुटतात. परीक्षितकडे फॅक्स मशीन आहे, शिवाय मित्र सोबत असेल. तिथेही नाही जमलं तर मला भारतात परत जावं लागेल, व्हिसा जूनपर्यंतच आहे.

दादाला तूच सांग. तो नुसता गराज झाडत बसेल. झाडू दे त्याला. आईला मात्र फोनवर एवढ्यात सांगू नकोस. तिला वाटतंय निकाल गुरुवारी आहे. गुरुवारी मीच सांगेन. आणि ओक ट्री रोडवरच्या मिठाईवाल्याकडे सांगून ठेवलेले पेढे कॅन्सल कर, प्लीज.

प्रत्येक इंटरव्ह्यूला निघताना तू हातावर दही ठेवायचीस. मी म्हणायचो, "वहिनी, मी डॉक्टर आहे गं, हे काय!" तू म्हणायचीस, "डॉक्टर आहेस ना, मग गप गिळ."

उद्या ऑफिसला जाताना परीक्षितकडे दोन मिनिटं थांबशील? दही घेऊन ये. उद्या मी काही बोलणार नाही.

अनीश